शेवटची जोडणी मालकाच्या हाताने

मंगळवार, ३ मार्च

मामा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला माहितीये. लिहिलं होतं, मग खोडलं.

दुकानातून हाकललंत त्याला आज पाच आठवडे झाले. हे पत्र मामीच्या पिशवीतून येईल. मामी, तुम्ही वाचू नका. वाचलंत तर निदान हसू नका, मामांना कळेल.

मी कुठे आहे ते तुम्हाला रोज दिसतंच. समोर, दिव्यांच्या दुकानात. तुम्ही साउंड सिस्टीमवाल्या तिन्ही दुकानांत फोन करून ठेवलात, "पोरगा हुशार आहे पण वात्रट आहे, गिऱ्हाइकाच्या घरी उद्योग करतो," मग मला तिथे कोण उभं करणार? दिवेवाले काकांनी विचारलं, "तुला दिव्यांतलं काय कळतं रे?" मी म्हटलं, काही नाही, पण दिवा लागला की नाही हे कळायला डोळे मिटून मान डोलवावी लागत नाही. हसले आणि ठेवून घेतलं.

आता मुद्दा. डॉक्टरीणबाईंच्या घरी ती उलटी वायर मी जोडली नव्हती. हे तुम्हाला माहितीये आणि मला माहितीये. तरी एकदा लिहून ठेवतो, म्हणजे कागदावर तरी खरं राहील.

स्पीकर मी चढवले, तीन मजले, एकेक बेचाळीस किलोचा. अँप्लिफायर मी उचलला, टर्नटेबल पाण्याची पातळी लावून सरळ मी केलं. वायरींच्या टोकांना मी चिकटपट्टीचे तुकडे लावले होते, कारण तुमची ती लाडकी पांढरी चपटी वायर, दोन्ही तारा जुळ्या बहिणींसारख्या, ना लाल ना काळी. आणि तुम्ही डॉक्टरीणबाईंच्या देखत ते तुकडे उपटून टाकलेत. "खुणा नवशिक्यांना लागतात. आम्ही ऐकून सांगतो." मग नेहमीसारखं मला बाजूला केलंत, कारण आपल्या दुकानाचा नियमच आहे, शेवटची जोडणी मालकाच्या हाताने. चार स्क्रू आवळलेत, खुर्चीत बसलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बसलं."

बसलं नव्हतं, मामा. मी दारात उभा होतो, मला तिथूनही कळलं. रेकॉर्डमधली गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहायला हवी ना? ती भिंतींवर पसरली होती, पोतेऱ्याने पुसल्यासारखी. मी म्हटलं, "मामा, एकदा..." तुम्ही हात वर केलात. मी गप्प बसलो. आयुष्यात एकदाच गप्प बसलो आणि तेच नडलं.

आठ दिवसांनी त्यांचा जावई आला. तो रेडिओ केंद्रावर कामाला, त्याने दोन मिनिटांत सांगितलं की एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. आणि तुम्ही, कानसेन, सगळ्यांच्या समोर म्हणालात, "हा माझ्या भाच्याचा चावटपणा. सवय आहे त्याला." मग घरी येऊन आईलाही तेच सांगितलंत.

आईचं तुम्हाला माहितीये. तिचा दादा म्हणाला म्हणजे झालं. मी शप्पथ घेतली तर म्हणाली, "तू बाथरूमच्या नळात शाई भरणारा, तुझी शप्पथ कसली?" तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. "गॅस बंद कर." "दार लावून घे." पाच आठवडे.

मला नोकरी परत नको. तुम्ही आईला सांगा की मी नव्हतो. एवढंच. तुमच्या तोंडून, माझ्या नाही.

नाही सांगितलंत तर मी सूड घेईन. कसला ते ठरवलं नाही, पण मी या कामात नवशिक्या नाही हे तुम्ही जाणता.

टिवल्या


शुक्रवार, ६ मार्च

मामा,

पत्र न उघडता परत आलं. मामी म्हणाल्या, "पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्याच हातात दिलं." बरं झालं. तुम्ही वाचणारच नाही म्हटल्यावर मला आता मोकळेपणी लिहिता येईल. सगळी पत्रं साठवून ठेवतो, एक दिवस गठ्ठाच देईन.

काल दुपारी पार्सलवाला आला होता ना? हेल्मेट न काढता आत आलेला उर्मट माणूस? मीच तो.

तुम्ही रेकॉर्ड पुसत उभे होतात. मी तुमच्या डाव्या बाजूला येऊन म्हटलं, "साहेब, पार्सल." मान नाही वळवलीत. पुन्हा म्हटलं, "साहेब, कुठे ठेवू?" तरी नाही. तिसऱ्यांदा मी चक्क तुमचाच आवाज काढून म्हटलं, "अरे गाढवा, कुठे ठेवू ते सांग ना." तुम्ही मजेत रेकॉर्ड पुसताय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पार्सलवाला माणूसच नाही का? त्याच्याशी बोललं तर कानसेनांची पायरी उतरते?

मग तुम्हाला हेल्मेट दिसलं, तुम्ही दचकलात आणि म्हणालात, "मागे ठेव, मागे." म्हणून मागे गेलो. रॅकच्या मागे. खिशात पेचकस होताच. डेमोच्या अँप्लिफायरच्या पाठीमागे डाव्या बाजूच्या दोन तारा अदलाबदल केल्या. अँप्लिफायर बंद होता बरं का, मी वात्रट आहे, कसाई नाही. वीस सेकंद लागले. तुमच्या पांढऱ्या वायरीला खुणा नसतात ते माझ्या पथ्यावर पडलं, नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. ऐकूनच कळेल.

हेच माझं गणित आहे. आता दोन्ही स्पीकर एकमेकांशी भांडणार. एक ढकलेल तेव्हा दुसरा ओढेल, नवरा-बायको सोफा हलवतात तसं. बेस मरणार, गाणारा भिंतींवर पसरणार. तुम्ही संध्याकाळी खुर्चीत बसाल, पाच मिनिटांत तुमचा चेहरा बदलेल, आणि तुम्हाला कळेल की उलटी वायर जोडायची ठरवली तर मी कशी जोडतो. लपवून, अँप्लिफायरच्या टोकाला. स्पीकरच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल अशी, ती माझी पद्धतच नाही. तो माझा अपमान आहे.

पार्सलमध्ये दोन विटा होत्या. चिठ्ठी वाचलीत का? "दोनशे तास वाजवा, मग खुलतील." तुमचंच वाक्य, नवे स्पीकर नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता.

टिवल्या


सोमवार, १६ मार्च

मामा,

अकरा दिवस!

आधी विटांचं. मामींनी सांगितलं आणि मी हरलो. एक वीट तुम्ही पुसून टर्नटेबलखाली ठेवलीत आणि गिऱ्हाइकाला सांगितलंत की "भाजलेली माती कंप शोषून घेते." त्याने विचारलं, मिळते कुठे? मामा, तुम्हाला उलटवणं सोपं नाही, हे मान्य.

पण वायरीचं काय?

दिव्यांच्या दुकानातून तुमची ऐकायची खोली काचेतून सरळ दिसते. ऐकू काही येत नाही, फक्त दिसतं. खुर्चीतला माणूस बाजूने दिसतो. पूर्वी लोक बसायचे आणि अर्ध्या मिनिटात खांदे खाली यायचे, आठवतंय? तुम्हीच मला शिकवलंत, "कानाकडे बघू नकोस, खांद्यांकडे बघ, खांदे पडले की विक्री झाली." अकरा दिवसांत एकाचेही खांदे पडले नाहीत. बसतात, मान इकडे तिकडे करतात, कुणीतरी हाक मारतंय पण कुठून ते कळत नाही तशी. मग घड्याळ बघतात आणि निघतात. बुधवारी ते नवराबायको वर्षभर पैसे जमवून आले होते, तेही निघून गेले.

आणि तुम्ही? शनिवारी स्पीकर भिंतीकडे एक वीत सरकवलेत. सोमवारी आणखी एक वीत. मंगळवारी गालिचा. गुरुवारी जाड पडदे, स्वतः स्टुलावर चढून. म्हणजे बेस गेलाय एवढं तुम्हाला कळलंय. मग खोलीला दोष देताय, गालिच्याला देताय, पडद्याला देताय, आणि अँप्लिफायरच्या मागे एकदाही वाकत नाही, कारण ती जोडणी मालकाच्या हाताची, ती चुकणार कशी? मी इकडे दिवे पुसतापुसता ओरडतोय, अहो बाईचा आवाज! बाई कुठे उभी आहे ते ऐका ना! दिवेवाले काका म्हणाले, "कुणाशी भांडतोयस?"

मला वाटलं होतं मजा येईल.

काल रात्रभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. बॅलन्सचं बटण, डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमीजास्त करणारं. वर्षभर ते बटण मला डावीकडे सरकलेलं सापडायचं. मी मधोमध करायचो, दुसऱ्या दिवशी परत डावीकडे. मी विचारलं तर तुम्ही अंगावर आलात, "माझ्या बटणाला हात लावायचा नाही!" मला वाटायचं खोली वाकडी असेल. आणि फोन. डाव्या हातात पेन्सिल असो नाहीतर चहा, फोन कायम उजव्या कानाला. आणि गाडीत मी तुमच्या डावीकडे बसायचो तेव्हा तुम्ही माझ्या एकाही विनोदाला हसला नाहीत. मला वाटायचं माझे विनोद पडतात.

आणि पार्सलवाला. तीनदा हाक, डावीकडून.

मामा, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

एकाच कानाने ऐकणाऱ्याला गाणारी बाई मधोमध आहे की भिंतीवर हे कळणारच कसं? म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या घरी तुम्ही "बसलं" म्हणालात ते थापा मारत नव्हतात. तुम्हाला खरंच बसल्यासारखं वाटलं. आणि मग खरंच वाटलं असेल की हे टिवल्याचंच काम.

असं असेल तर मला तुम्हाला माफ करावं लागेल. मला ते अजिबात नकोय. पण तसं असेल तर करीन, उद्याच येऊन वायर सरळ करीन, पाया पडेन, विटाही उचलून नेईन.

आधी मामींना विचारतो.

टिवल्या


गुरुवार, १९ मार्च

मामा,

माफी रद्द.

मामींना विचारलं, मामांच्या कानाला काही झालंय का? त्या म्हणाल्या, "कानाला? मला वाटायचं माझंच बोलणं मुद्दाम ऐकत नाहीत. लग्न झाल्यापासून तसंच आहे, त्यामुळे फरक कळला नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं. गॅरंटीची कार्डं ठेवता त्या खणात, सगळ्यात खाली, कानाच्या डॉक्टरांचा कागद. आलेखाचा. उजव्या कानाची रेघ बरी आहे. डाव्याची रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेलीय. मामींनी फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं यांना?"

ते मला माहीत नाही. मी तारीख बघितली. ऑक्टोबरची नऊ.

डॉक्टरीणबाईंची जोडणी जानेवारीत झाली. म्हणजे साडेतीन महिने तुम्हाला माहीत होतं. जावयाने वायर दाखवली तेव्हा चूक कुणाची हे तुम्हाला त्याच सेकंदाला कळलं असणार. कान गेला म्हणून सांगायची लाज वाटली, तर बाजूला भाचा उभाच होता. वात्रट, नळात शाई भरणारा. त्याच्यावर कुठलंही खापर फोडलं तरी बरोबर बसतं.

मला वाटलं होतं दया येईल. थोडी आली, ती पाणी पिऊन घालवली.

रविवारी सकाळी अकराला नवीन स्पीकर ऐकवणार आहात ना? काचेवर बोर्ड लागलाय, वीस माणसं, आमंत्रणाने. डॉक्टरीणबाई जावयाला घेऊन येणार आहेत, त्यांना रुसवा काढायला तुम्हीच बोलावलंय. मलाही यायचंय. मामींनी त्यांच्या वाटणीचं आमंत्रण मला दिलं, म्हणाल्या, "मी नाही बसत तिथे."

मी काय करणार आहे सांगू? काहीही नाही. नवीन स्पीकर तुम्ही सगळ्यांच्या देखत जोडाल, शेवटची जोडणी मालकाच्या हाताने. पण अँप्लिफायरच्या मागची माझी अदलाबदल अजून तशीच आहे, तिला चौदा दिवस तुम्ही हात लावला नाही. तुम्ही खुर्चीत बसाल, डोळे मिटाल. वीस माणसांना ऐकू येईल. तुम्हाला येणार नाही. आणि तुम्ही म्हणाल, "बसलं."

तुम्ही हे म्हणाल तेव्हा मला तुमचा चेहरा जवळून बघायचाय. काच मध्ये नको. आलेखाचा कागद मामींकडून मागून घेतला, घडी करून खिशात ठेवलाय, लागला तर असावा.

टिवल्या


रविवार, २२ मार्च

मामा,

हे पत्र तुम्ही उघडलंत, कारण पाकिटावर लिहिलंय, 'आज सकाळी तुम्ही कशाला हो म्हणालात ते आत आहे.' बाकीची चार पत्रं सोबत आहेत. आधी ती वाचा. मग हे.

वाचलीत?

आज मी मागच्या रांगेत होतो, तुमची नजर माझ्यावर पडली आणि तुम्ही हसणं तसंच चालू ठेवलंत, याला मानलं. जोडणी झाली. खुर्चीत बसलात. डोळे मिटलेत. बाई गायला लागली आणि खोलीभर पसरली. वीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या रांगेतले ते टोपीवाले गृहस्थ तर मागे वळून बघत होते, आवाज तिथून येतो की काय म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "बसलं."

बरोबर त्याच सुरात. मी या क्षणाची वाट बघत होतो, आणि तो आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो, पडदे लावताना तुमचं स्टूल हललं होतं त्या दिवशी दिव्यांच्या दुकानात उठलो होतो तसा.

जावई उठला. "माफ करा, पण एक बाजू उलटी आहे."

तुम्ही उजवीकडून ऐकलंत. दोन सेकंद तुमचं तोंड उघडं होतं. मी मोजले. आणि मग तुम्ही टाळी वाजवलीत. "शाबास! मी बघत होतो कोण ओळखतंय! मंडळी, मुद्दाम उलटी जोडली होती. चुकीचं ऐकल्याशिवाय बरोबर कळत नाही. आता सरळ करतो, फरक बघा."

विटेसारखंच! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात आपोआप गेले.

तुम्ही वाकून एका स्पीकरच्या तारा बदलल्यात. रेकॉर्ड पुन्हा लागली. बाई मधोमध उभी राहिली, अगदी अंगठीतल्या खड्यासारखी. आणि तेव्हा मी बघितलं, मामा, तुम्ही ऐकत नव्हतात. तुम्ही लोकांची तोंडं बघत होतात, एकेकाचे खांदे, पडतात की नाही. मी सतरा दिवस काचेआडून जे करत होतो तेच. तुमच्या कपाळावर घाम होता. सगळ्यांचे खांदे पडले तेव्हा तुम्ही श्वास सोडलात.

तेव्हा मी आलेखावरचा हात खिशातून काढून घेतला. दया म्हणून नाही, नुसता काढला.

आणि आता ते. गाणं संपलं, लोक उठत होते, गलबला होता. डॉक्टरीणबाई तुमच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हळू बोलतात त्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरीही तुम्हीच उलटी जोडली होतीत? त्या मुलाने नाही?"

आणि तुम्ही हसून मान डोलावलीत. "हो हो, अगदी!"

डावीकडून कुणी काही बोललं की तुम्ही असंच करता, हे मला आता कळलंय. हसायचं, मान डोलवायची, हो म्हणायचं. सोळा वर्षं धंदा केलेल्या माणसाला बहुतेक प्रश्नांचं उत्तर 'हो' चालतं. याचं नव्हतं चालणार.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत, तोवर टोपीवाल्यांकडे वळला होतात. मी बघितला. त्यांनी जावयाकडे बघितलं, जावयाने माझ्याकडे. आजूबाजूला पाचसहा जण होते, त्यांनीही ऐकलं. साउंड सिस्टीमवाल्या तीन दुकानांपैकी एकाचा मालकही. त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मुला, मी तुझं नाव सगळीकडे खराब केलं. माझ्या टर्नटेबलची घरघर होतेय, उद्या पाचला येशील?" म्हटलं, येईन, अर्थिंगची तार सुटली असेल. आणि त्या दुसऱ्या दुकानाच्या मालकाने त्याचं कार्ड माझ्या खिशात टाकलं. आलेखाच्या शेजारी.

तुम्ही डॉक्टरीणबाईंना दारापर्यंत सोडायला गेलात, "पुन्हा या" म्हणालात. त्या म्हणाल्या, "नाही." तुम्ही परत मान डोलावलीत.

तुम्हाला हे कुणीच सांगणार नव्हतं. लोक पाठीमागे बोलले असते आणि तुम्ही वर्षभर पडदे बदलत राहिला असतात. मी सांगतोय. भलेपणा समजू नका. सूड कुणी घेतला आणि कसा, हे तुम्हाला कळलं नाही तर मी एवढं कशाला केलं?

आलेख पाकिटात आहे, प्रत ठेवलेली नाही. मामींकडचा फोटो त्यांनी स्वतः पुसला. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. त्यांना उजवीकडे बसवा.

आता राहिली आई. पाचसहा माणसांना कळलं, तिला नाही. मी सांगितलं तर म्हणेल, "तुझी शप्पथ कसली?" तेव्हा उद्या सकाळी तुम्ही घरी यायचं. मी नसेन. ती ओट्याशी उभी असेल. "टिवल्या नव्हता, मी होतो, आणि मला माहीत होतं" हे तिन्ही तुकडे म्हणायचे, तिसरा गाळायचा नाही. मान डोलवून निभावणार नाही.

आणि तिच्या डाव्या बाजूला उभे राहा, म्हणजे ती तुमच्या उजव्या कानाशी येईल. माझी आई रागावली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल. ती जे बोलेल ते पूर्ण ऐका, मामा. एक शब्दही सुटता कामा नये.

भाचा